चौथी चूक

डिसेंबर लागला की आमच्या विद्यापीठाच्या व्यायामशाळेला परीक्षेचा वास येतो. एरवी तिथे रबराचा आणि घामाचा वास असतो. मग एका सकाळी कामगार येतात, बास्केटबॉलच्या रेघांवर ताडपत्री पसरतात, तिच्यावर घडीची टेबलं ओळीने मांडतात, आणि दुपारपर्यंत ओल्या लोकरीचा, बुटांवरून वितळणाऱ्या बर्फाचा आणि पोरांच्या भीतीचा वास त्यात मिसळतो. बाहेर पार्किंग लॉटमधल्या गाड्या विजेच्या खांबांना वायरींनी जोडलेल्या असतात, इंजिनं गोठू नयेत म्हणून. आत येणारा प्रत्येक जण जाकीट काढून भिंतीशी ठेवतो, कारण जाकीट घालून पेपर लिहायला बंदी आहे. बाह्यांमध्ये काय काय मावतं याचा विद्यापीठाला जुना अनुभव आहे. यंदा तो जाकिटांचा ढीग पाहिला आणि त्यात मी एक जाकीट शोधायला लागले. पुरुषी, गुडघ्याखाली येणारं, पाठीवर खाणीच्या कंपनीचा शिक्का असलेलं. दोन वर्षांपूर्वी ते याच भिंतीशी पडलेलं होतं. यंदा ते असणार नाही हे मला माहीत होतं, तरी शोधलं.

आमचं गाव रेजिना शहराच्या पश्चिमेला आहे. सपाट जमीन, धान्याची उंच कोठारं, एक पोटॅशची खाण आणि ओढूनताणून विद्यापीठ केलेलं एक जुनं कॉलेज. इथे मी गेली पंचवीसेक वर्षं ब्रिटनचं राजकारण शिकवते, त्यातही विसाव्या शतकाची शेवटची तीस वर्षं. हे ऐकून लोकांचा चेहरा बघण्यासारखा होतो. रेजिनाच्या मराठी मंडळातले एक निवृत्त सर्जन मला भेटले की दर वेळी विचारतात, ‘‘काय प्रोफेसर, इंग्रज गेले तरी तुमचं सुटलं नाही का अजून?’’ आणि दर वेळी स्वतःच हसतात. इकडे विभागातल्या सहकाऱ्यांना वाटतं की मला भारतावरचा एखादा कोर्स दिला तर मी जास्त सुखी होईन. भारताच्या राजकारणाविषयी मला रोज पेपर वाचणाऱ्या कुठल्याही काकूंइतकंच कळतं, हे मी त्यांना सांगून दमले. माझ्या चेहऱ्यावरून माझा विषय ठरवायची त्यांची सवय काही जात नाही.

हा विषय मी घेतला त्याला कारण आहे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी पीएच.डी.साठी उत्तर इंग्लंडमध्ये होते. खाणकामगारांचा मोठा संप चालू होता. आम्ही पाचसहा विद्यार्थी शनिवारी बाजारपेठेत प्लॅस्टिकच्या बादल्या घेऊन उभे राहायचो आणि संपकऱ्यांच्या घरांसाठी खाण्याचे सीलबंद डबे गोळा करायचो. पाऊस असा की बादलीत डब्यांबरोबर पाणीही साचायचं. एक म्हातारी दर शनिवारी पीचचा डबा आणून ठेवायची आणि काही न बोलता जायची. तिच्यामागून तिच्याच वयाची दुसरी बाई यायची आणि आमच्या पायाशी थुंकायची. दोघी एकाच गल्लीत राहत होत्या, हे मला पुढे कळलं. तेव्हापासून कुणी ‘‘ब्रिटिश जनतेला वाटलं’’ असं वाक्य लिहिलं की माझं डोकं फिरतं. कुठल्या जनतेला? पीचवालीला की थुंकणारीला?

आणि विद्यार्थी नेमकं तेच वाक्य लिहितात. दर वर्षी, नवनव्या अक्षरात, त्याच चुका. या चुकांना कंटाळून मी एका वर्षी एक पान टाइप केलं. मथळा दिला, ‘या विषयात विद्यार्थी करतात त्या चुका’, आणि सप्टेंबरच्या पहिल्याच तासाला ते वाटायला लागले. पहिली चूक अर्थातच पंतप्रधान बाईंची. संप मोडला बाईंनी, कारखाने विकले बाईंनी, बेकारी वाढली ती बाईंमुळे. जणू मंत्रिमंडळ, बँका, तेलाचे भाव आणि मतदार हे सगळे घरी झोपले होते आणि बाई एकट्याच हातात पर्स घेऊन देश चालवत होत्या. दुसरी चूक जागा आणि मतं यांच्यातली. सभागृहात प्रचंड बहुमत दिसलं की पोरं लिहितात, सगळा देश पाठीशी होता. त्या काळातल्या एकाही निवडणुकीत जिंकणाऱ्याला निम्मी मतं पडली नव्हती. एकदा तर बाईंच्या मतांचा वाटा किंचित घटला आणि जागा मात्र भरभरून वाढल्या, कारण विरोधक आपसांत फाटले होते. तिसरी चूक म्हणजे इंग्लंड म्हणजेच ब्रिटन समजणं. माणशी कर, म्हणजे तो गाजलेला पोल टॅक्स, आधी एक वर्ष स्कॉटलंडवर लादला गेला, तिथले लोक वर्षभर ओरडत होते. आमच्या पोरांच्या पेपरात मात्र तो कर लंडनमध्ये दंगल होते तेव्हाच जन्माला येतो.

चौथ्या चुकीवर माझा सगळा जीव. ‘‘दुसरा पर्याय नाही’’, ‘देअर इज नो ऑल्टर्नेटिव्ह’, हे वाक्य त्या सरकारचं आवडतं होतं. ते इतकं आवडतं होतं की लोक त्याच्या आद्याक्षरांचं एक बाईमाणसाचं नाव करून म्हणायचे. पोरं ते वाक्य सरकारच्या तोंडून उचलतात आणि स्वतःचा निष्कर्ष म्हणून पेपरात ठेवतात. हे होणारच होतं, अटळ होतं, देशाची अवस्थाच तशी होती. मी त्या पानावर लिहिलं होतं की पर्याय नव्हता असं कुणी म्हटलं तर आधी बघा की म्हणणारा कोण आहे, आणि पर्याय टेबलावरून कुणी उचलून ठेवले. पाचवी चूक घोषणा आणि कृती यांची गल्लत करण्याची. सरकार लहान करू असं म्हणणाऱ्यांनी पोलीस आणि केंद्रसत्ता किती वाढवली हे न पाहता घोषणाच उतरवून काढायची. हे लिहिताना मला वैताग आला असावा, कारण त्या परिच्छेदाच्या शेवटी मी लिहिलं होतं, ‘‘हे मी पुन्हा सांगणार नाही.’’ पोरं त्यावर हसायची. पान घडी करून दप्तरात टाकायची आणि डिसेंबरात पाचही चुका इमानेइतबारे करायची.

दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात स्नेहल आली. वाशीमची. तिथल्या कॉलेजातून मराठी माध्यमातून राज्यशास्त्रात बी.ए. झालेली, इथे पुन्हा बी.ए.च्या वरच्या वर्गांना बसलेली, म्हणजे मग एम.ए.ला घेतील. तिची मावशी आमच्याच गावात राहते, मावशीचे यजमान पोटॅशच्या खाणीत इंजिनिअर. त्यांच्या बेसमेंटमध्ये तिची खोली आणि काकांचं जुनं जाकीट तिच्या अंगात. पहिल्या तासानंतर ती दाराशी थांबली आणि मराठीत म्हणाली, ‘‘मॅडम, तुम्ही आपल्या आहात हे नावावरून ओळखलं मी.’’ तोंडभर हसली. तिच्या ‘आपल्या’मध्ये जो विश्वास होता त्याचं मला त्या वेळी फक्त कौतुक वाटलं.

ती पहिल्या ओळीत बसायची आणि मी खोकले तरी लिहून घेईल अशी लिहायची. बाकीची पोरं लॅपटॉपमागे काय करतात ते मला दिसत नाही आणि विचारायचीही सोय नाही. कॉरिडॉरमध्ये, बसच्या थांब्यावर, उणे तीसमध्ये नाकावर मफलर ओढून उभी असतानाही तिचे ओठ हलत असायचे. मी तो प्रकार बघता क्षणी ओळखला. परकर-पोलक्यात असताना मीही ओठ हलवत शाळेत गेलेली आहे. देव: देवौ देवा: म्हणत, औटकीचा पाढा म्हणत. समजून घ्या, नुसतं पाठ करू नका, हे मी वर्गात सांगत होतेच. तिला ते वेगळं बोलावूनही सांगितलं. तिने मान डोलावली आणि सांगितलं की वाशीमचे सरही हेच म्हणायचे. मग उत्तरात त्यांचा एक शब्द जरी बदलला तरी विचारायचे, तू माझ्यापेक्षा शहाणी का? आणि जिने एकही शब्द बदलला नाही तिला पैकीच्या पैकी द्यायचे.

ही घोकंपट्टी आपल्याकडे कुठून आली याचा विचार मी पुष्कळदा करते, आणि दर वेळी मला कडू हसू येतं. माझ्या आजोबांनी मॅट्रिकला इंग्लंडच्या राजांची नावं तोंडपाठ केली होती. म्हातारपणी त्यांना स्वतःच्या नातवंडांची नावं सापडायची नाहीत, पण ते राजे ओळीने यायचे. परीक्षा साहेबाची, पेपर साहेबाचा, आणि साहेबाचं वाक्य साहेबाला जसंच्या तसं परत केलं की कारकुनी पक्की. तीन पिढ्या आम्ही हेच शिकलो की दुसऱ्याचे शब्द न सांडता पलीकडे नेऊन पोचवणं म्हणजे हुशारी. ज्यांनी हे शिकवलं ते आता म्हणतात की याला चोरी म्हणतात.

परीक्षेच्या दिवशी पेपरात एक मोठा प्रश्न होता: त्या काळात ब्रिटनमध्ये झालेला बदल हे एकाच व्यक्तीचं काम होतं का, चर्चा करा. पोरं खाली मान घालून लिहीत होती. मी आणि कॉनर रांगांमधून फिरत होतो. कॉनर म्हणजे माझे पेपर तपासायला मदत करणारा पीएच.डी.चा विद्यार्थी, अतिशय सरळ मुलगा. तो माझ्याजवळ आला आणि कुजबुजला की पहिल्या ओळीतली मुलगी मांडीवर काहीतरी ठेवून वाचते आहे, तिचे ओठ हलताहेत. मी जाऊन पाहिलं. मांडीवर तिचा डावा हात होता, आणि हाताची बोटं एकेक करून मिटत होती. ती मुद्दे मोजत होती. मी कॉनरला तसं सांगितलं. त्याने मान हलवली, पण त्याला ते पटलेलं नव्हतं.

मग तिचा पेपर त्याच्याच गठ्ठ्यात गेला. दोन दिवसांनी तो उत्तरपत्रिका आणि माझं ते पान शेजारी शेजारी धरून माझ्या ऑफिसात आला. स्नेहलने उत्तराची सुरुवात अशी केली होती: या विषयात विद्यार्थी करतात त्या चुका. पुढे पहिली चूक, दुसरी चूक, तिसरी, माझ्याच इंग्रजीत, माझ्याच स्वल्पविरामांसह. मी वाचत गेले आणि पाचव्या चुकीच्या शेवटी आले. तिथे तिच्या गोल, नीटस अक्षरात लिहिलं होतं, ‘‘हे मी पुन्हा सांगणार नाही.’’ मला हसू फुटलं. कॉनर हसला नाही. त्याने विचारलं, ‘‘पान आत कसं नेलं असेल तिने?’’ तेव्हा माझं हसू गेलं.

कारण आमच्याकडे असा पेपर एकदा उघड झाला की तो शिक्षकाच्या हातात राहत नाही. तो विद्यापीठाच्या कॉपीप्रकरणांच्या समितीकडे पाठवावाच लागतो. मी त्याबरोबर सविस्तर लिहून दिलं की हे पाठांतर आहे, हे माझ्या देशात लाखो मुलं करतात, प्रश्नाला हे उत्तर अगदीच चुकीचं नाही, किंबहुना पहिली चूक हेच त्या प्रश्नाचं उत्तर आहे, गुण कमी द्या, पुन्हा परीक्षा घ्या, चोरी म्हणू नका. माझ्या विषयात मी इतकी वर्षं जे शिकवलं ते एकदा तरी कामाला येईल असं मला वाटत होतं.

यंदाच्या परीक्षेतही मी रांगांमधून फिरत होते आणि कुणाचेच ओठ हलत नव्हते. अर्धी पोरं छताकडे बघून शब्द शोधत होती. ते त्यांचे स्वतःचे शब्द, त्यांना सापडतील तेव्हा सापडतील. मला त्यांचा राग नाही. पण त्या शांततेत मला जे ऐकू येत होतं ते त्यांचं नव्हतं, स्नेहलचं होतं.

समिती जानेवारीत भरली. खोली लहान, खिडकीबाहेर बर्फ उपसणाऱ्या गाडीची घरघर, टेबलावर पाण्याचा जग आणि टिश्यूचा डबा. रडण्याची सोय त्यांनी आधीच करून ठेवली होती. समितीत तिघं जण. अध्यक्ष रसायनशास्त्राचे प्राध्यापक, मृदू आवाजाचे, कुणाला वाईट वाटू नये म्हणून जपणारे. बाकी दोघं एक ग्रंथपाल आणि एक व्यवस्थापन शिकवणाऱ्या बाई. स्नेहल मावशीचा निळा कुर्ता घालून आली होती. केसांना तेल लावून घट्ट वेणी. एखाद्या मुलाखतीला आल्यासारखी. तिला वाटत होतं की मॅडम आहेत, म्हणजे सगळं ठीक होईल.

अध्यक्षांनी तिला विचारलं की तू पेपरात जे लिहिलंस ते स्वतःच्या शब्दांत सांगशील का? ती गोंधळली. माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाली, ‘‘बट सर, मॅडम्स वर्ड्स आर बेटर.’’ व्यवस्थापनाच्या बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. मी म्हटलं की तिच्याजवळ कागद नव्हता, पटत नसेल तर आत्ता म्हणायला सांगा. मला दुसरा पुरावा सुचत नव्हता.

तिला कुणी उभं राहायला सांगितलं नव्हतं, ती राहिली. हात मागे बांधले, नजर समोरच्या भिंतीवर. आणि ज्या आवाजात आपण सगळ्यांनी शाळेत प्रतिज्ञा म्हटली त्या आवाजात तिने माझं पान म्हणायला सुरुवात केली. ग्रंथपाल माझ्या पानावर बोट ठेवून ओळीओळीने तिच्या मागोमाग जात होते. बोट कुठे अडकलं नाही. माणशी कर, जागा आणि मतं, घोषणा आणि कृती, सगळं. ‘‘हे मी पुन्हा सांगणार नाही,’’ असं म्हणून ती थांबली आणि बसली. ग्रंथपालांनी बोट उचललं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला सहन झालं नाही. सर्कशीत सायकल चालवणाऱ्या अस्वलाकडे बघतात तसे ते तिच्याकडे बघत होते.

त्यांनी आम्हाला बाहेर बसवलं. परत बोलावलं तेव्हा अध्यक्षांचा आवाज आणखी मऊ झाला होता. तिने कागद आत नेला नव्हता हे त्यांना मान्य होतं. पण शब्द बाहीतून आले काय आणि डोक्यातून आले काय, ते दुसऱ्याचे होते आणि दुसऱ्याचे म्हणून सांगितलेले नव्हते. त्यामुळे पेपरला शून्य, म्हणजे कोर्समध्ये नापास, म्हणजे तिच्या प्रवेशाच्या अटी मोडल्या, म्हणजे इथली जागा गेली. जागा गेली की स्टडी परमिटचं काय, हे त्यांच्या अखत्यारीत येत नव्हतं. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी हात टेबलावर पसरले आणि म्हणाले, ‘‘आय ॲम सो सॉरी. गिव्हन द रूल्स, देअर वॉज रिअली नो ऑल्टर्नेटिव्ह.’’

स्नेहल रडत नव्हती. ती ऐकत होती. तिने मान माझ्याकडे वळवली आणि हळूच, मराठीत विचारलं,

‘‘मॅडम, ही तर चौथी चूक ना?’’

पंचवीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने ती चूक पेपराबाहेर, जिवंत माणसाच्या तोंडात, ओळखून दाखवली नव्हती. मी ते वाक्य ताबडतोब समितीला इंग्रजीत सांगितलं. सांगितलं की तुम्हाला स्वतःचे शब्द हवे होते ना, हे घ्या, हे तिचे स्वतःचे शब्द आहेत आणि ते बरोबर आहेत. ग्रंथपालांनी मान खाली घातली. अध्यक्ष हसले, खरोखरच कौतुकाने हसले. ‘‘दॅट्स व्हेरी क्लेव्हर,’’ ते म्हणाले. मग त्यांनी फाइल मिटली आणि सांगितलं की सुनावणी आता संपली आहे, त्यामुळे हे रेकॉर्डमध्ये घेता येणार नाही. त्या माणसाचा मला तेव्हा आलेला राग अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही. दुष्ट माणसाशी भांडता येतं. नियमाआड बसलेल्या सज्जन माणसाशी कसं भांडायचं, ते मला इतकी वर्षं राजकारण शिकवूनही कळलेलं नाही.

अपील करता येत होतं. मी मावशीच्या घरी गेले. तिने चहा केला, चकल्या ठेवल्या, आणि यजमान कामावरून यायच्या आत बोलून घेतलं. ‘‘ताई, तुमचं खरं आहे. पण आमचा पीआर, इथे कायमचं राहायचा परवाना, अजून प्रोसेसमध्ये आहे. उगाच नाव कुठे फाइलमध्ये यायला नको. आम्हाला अपील-बिपील फाइल करायचं नाही.’’ मी म्हटलं की या दोन गोष्टींचा काही संबंध नाही. ती म्हणाली, ‘‘असेल-नसेल, रिस्क कोण घेणार?’’ स्नेहल बेसमेंटच्या जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून ऐकत होती. तिने समोर यावं आणि मी लढते म्हणावं, असं मला फार वाटलं. पण ती त्यांच्या घरात त्यांच्या जेवणावर राहत होती. ती उठून बेसमेंटमध्ये गेली.

त्याच आठवड्यात रेजिनाला मंडळाची संक्रांत होती. एका चर्चचा हॉल भाड्याने घेतलेला, तिळगुळाच्या वड्या, काळ्या साड्या, आणि सगळ्यांना सगळं कळलेलं. सर्जनसाहेब वडी चघळत माझ्यापाशी आले. ‘‘काय प्रोफेसर, वाशीमचं पार्सल परत चाललं म्हणे? आजकालच्या पोरांना हीच खोड. नुसती घोकंपट्टी. विचार करायला नको.’’ आजूबाजूच्या चारपाच जणांनी दुजोरा दिला. हे सगळे पन्नास वर्षांपूर्वी आलेले, मेडिकल आणि इंजिनिअरिंगवाले, मोठाली घरं बांधून बसलेले. मी त्यांना विचारलं, ‘‘डॉक्टर, मेंदूच्या बारा नसा आठवतात का हो अजून?’’ त्यांचा चेहरा खुलला. तिथेच, हातात वडी धरून, त्यांनी बाराच्या बारा नसा क्रमाने म्हणून दाखवल्या, आणि वर कुठली नस कुठून निघते त्याचं एक अख्खं वाक्य. मी विचारलं, ‘‘कुठल्या पुस्तकातलं हे? लेखकाचं नाव घेतलं नाहीत तुम्ही.’’

ते हसायला गेले आणि मध्येच थांबले. त्यांची बायको मला म्हणाली की अहो, सणाला कशाला हे. मी तिळगूळ घेतला नाही आणि बर्फातून गाडी हाणत घरी आले. वाटेत मला माझ्याच बोलण्याचा आनंद होत नव्हता. पोरीचं काही त्याने भलं होणार नव्हतं.

ती महिनाअखेरीस दूर ब्रॅम्पटन शहरात गेली. तिथे काकांचे कुणी लांबचे भाऊ होते आणि एक असलं कॉलेज होतं की जिथे वर्षभराची फी भरली की कुणालाही घेतात. कसलासा सप्लाय चेनचा डिप्लोमा. परमिट तेवढं टिकलं. निघायच्या दिवशी तिने मला मी वाटलेलं ते पान परत आणून दिलं, घडी न पडलेलं, प्लॅस्टिकच्या कव्हरात ठेवलेलं. मी म्हटलं, अगं ठेव ना तुझ्याजवळ. ती म्हणाली की कशाला, पाठ आहे.

समितीने निकालाबरोबर विभागाला एक शिफारसही पाठवली होती. असे प्रसंग टाळावेत म्हणून शिक्षकांनी तयार उत्तरांसारखं दिसेल असं काही लिहून वाटू नये. म्हणजे माझं पान बंद झालं. आता पाच चुका मी तोंडी सांगते. पोरं विचारतात, ‘‘यू विल पोस्ट द स्लाइड्स, राइट?’’ मी नाही म्हणते. मग ती लॅपटॉप मिटून ऐकल्यासारखं करतात.

या दिवाळीला स्नेहलचा फोन आला. दिवसा कॉलेज, शनिवार-रविवार वेअरहाऊस, खोलीत चौघी जणी. मी अभ्यासाचं विचारलं तर म्हणाली की इथे सगळं मल्टिपल चॉइस आहे, पाठसुद्धा करावं लागत नाही. मग म्हणाली, ‘‘मॅडम, तुमचं पान अजून येतं हो मला सगळं. स्कॅनर मारता मारता म्हणते कधी कधी. तिथे सुपरवायझर रोज सांगतो, शिफ्ट वाढवण्याशिवाय पर्याय नाही. मग मी मनात म्हणते, चौथी.’’ ती हसली. मी फोन ठेवला. माझ्याकडे आलेल्या सगळ्यांत बऱ्या विद्यार्थिनीला मी खोकी मोजायला पाठवलं नाही, पण ती गेली माझ्याच वर्गातून.

आज पेपर तपासायला घेतले. खिडकीबाहेर गाड्या खांबांना वायरींनी जोडलेल्या, आकाश पांढरं. तिसराच पेपर एका हॉकी खेळणाऱ्या मुलाचा निघाला, गोड मुलगा, तासाला उशिरा येतो आणि सॉरी म्हणून बसतो. त्याने सफाईदार इंग्रजीत दोन पानं लिहिली आहेत. बाईंनी देश बदलला. सगळा देश त्यांच्या पाठीशी होता. आणि शेवटी, अर्थव्यवस्थेची अवस्था पाहता, दुसरा काही मार्गच उरला नव्हता. एकही वाक्य कुठून उचललेलं नाही. सगळं त्याचं स्वतःचं आहे. आणि सगळं चूक आहे.

मी समासात त्या शेवटच्या वाक्यासमोर पेन्सिलीने लिहिलं, देवनागरीत, ‘‘ही तर चौथी चूक ना?’’ तो विचारायला येईल की हे कुठल्या भाषेत आहे आणि कुणी म्हटलं. येऊ दे, सांगेन त्याला. गुण मात्र नियमाप्रमाणेच दिले. पास झाला आहे तो.